अळणी कोशिंबीर

आजारातून उठलेली माणसं आपले अनुभव लिहितात आणि ते वाचून अंथरुणावरच्या माणसाला धीर येतो, असा रिवाज आहे. मी उठलेलो नाही. उठेन असं वाटतही नाही. तरी लिहितो आहे, कारण गेल्या दहा महिन्यांत मला एक गोष्ट बऱ्यापैकी जमायला लागली, ती म्हणजे बिनमिठाची कोशिंबीर. ज्यांचं मीठ माझ्यासारखं बंद झालंय त्यांना तिचा उपयोग होईल. बाकी माझ्याजवळ धीर वगैरे काही शिल्लक नाही, तो कुणी इथं शोधू नये.

मी लोणावळ्याच्या मराठी शाळेत मास्तर आहे. वय अडतीस. घरात बायको यमुना आणि तिसरीत शिकणारी मुलगी शकू. आमचं मूळ गाव कुरवंडे, तिथं माझी थोरली बहीण आक्का राहते. ती लहान वयात विधवा झाली. आमची आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच.

अंग धरलं

गेल्या पौषात माझ्या वहाणा मला घट्ट व्हायला लागल्या. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं असे, दुपारपर्यंत उतरे. संक्रांतीला कुरवंड्याला गेलो तर आक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि यमुनाला म्हणाली की तुझ्या हातचं अखेर याच्या अंगी लागलं. शाळेतले सोबतीही म्हणाले, मास्तरांनी अंग धरलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. जन्मभर मला सगळे काडीपैलवान म्हणत आले. आरशात जरा भरलेलं तोंड दिसलं तर मी ते दोनदा पाहून घेत होतो.

शकूला एक खेळ सापडला होता. माझ्या नडगीवर बोट दाबायचं, तिथं खळगा पडायचा, आणि तो भरेपर्यंत तिनं अंक म्हणायचे. एके दिवशी ती तीसपर्यंत गेली. यमुना तांदूळ निवडत होती. तिनं ते ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि त्याच दुपारी मला बाजारातल्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी समोरच बसलो होतो. नळीत वरच्या बाजूला पांढरं धरायला लागलं, दूध नासतं तसं. डॉक्टरांनी नळी हलवली, पुन्हा धरली, आणि काही बोलले नाहीत. मुलाची पाटी बघून मास्तर गप्प राहिला म्हणजे काय समजायचं, ते मला वीस वर्षांच्या नोकरीनं ठाऊक आहे. मग त्यांनी सांगितलं की मूत्रपिंडं बिघडली आहेत, मीठ आजपासून बंद, आणि काही दिवस पुण्याला इस्पितळात राहावं लागेल.

मीठ किती दिवस बंद, असं मी विचारलं.

"दिवस मोजू नका, मास्तर," ते म्हणाले.

तिथून उठलो आणि बाजारातल्या भट्टीवर ओंजळभर खारे दाणे घेतले. घरी पोचेपर्यंत सगळे संपवले, पुडीच्या तळाची मिठाची भुकटीसुद्धा बोटानं पुसून खाल्ली. घरी हे सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

एकवीस दिवस

इस्पितळाचं वर्णन करण्यात अर्थ नाही, सगळी सारखीच असतात. पहाटे तोंडात थर्मामीटर, मग वजनकाटा, मग बाटलीतली लघवी मोजणं. वजन उतरलं की सूज उतरली म्हणायची आणि त्या दिवशी सगळ्यांनी तुमच्याशी गोड बोलायचं. जेवायला दूधभात आणि उकडलेल्या भाज्या, मिठाशिवाय. उकडलेला दुधी मिठाशिवाय खाऊन पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पहिल्या आठवड्यात मी दोनदा ताटावर रडलो. अडतीस वर्षांचा माणूस दुधीसाठी रडतो हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं.

शेजारच्या खाटेवर तळेगावचा एक शिंपी होता. त्याला माझाच आजार, फक्त जुना. तो येईल त्याच्याजवळ मीठ मागे. झाडूवाल्याजवळ मागे, दुसऱ्यांना भेटायला आलेल्यांजवळ मागे. बाराव्या दिवशी मोठे डॉक्टर त्याच्या खाटेपाशी थांबले, त्याच्या बायकोला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, याला आवडेल ते खाऊ द्या. शिंप्याला काय आनंद झाला! संध्याकाळी बायकोनं भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर मिठाचा खडा आणला. तो मला म्हणाला, "मास्तर, मी सुटलो, आता तुमी बी सुटाल." दोन दिवसांनी त्याची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तिथल्या एका गोष्टीबद्दल मात्र मी ऋणी आहे. नगरकडची एक ख्रिस्ती नर्स होती, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. मी ताट परत लोटलेलं तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या डब्यातलं गाजर किसून आणलं आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. "जीभ मीठ मागते ना? तिला आंबट द्या. थोडा वेळ गप्प बसते," ती म्हणाली. मी खाल्लं. जीभ खरंच थोडा वेळ गप्प बसली. माझी सगळी विद्या त्या अर्ध्या लिंबातून निघालेली आहे.

डावी बाजू

घरी आलो तेव्हा चैत्र लागला होता. यमुनानं मिठाची बरणी वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यामागे नेऊन ठेवली होती. लोणचं शेजारी गेलं. ती आणि शकू माझ्या आधी स्वयंपाकघरात जेवून घेत, म्हणजे त्यांच्या आमटीचा वास तेवढा मला येई. ताट वाढताना आपण आधी डाव्या कोपऱ्यात मीठ वाढतो. पहिल्या दिवशी यमुनाचा हात सवयीनं तिथं गेला आणि तसाच थांबला. मग तिनं त्या जागी लिंबाची फोड ठेवली. तेव्हापासून ती जागा लिंबाची झाली.

शाळा बंद, चालणं बंद, दगदग बंद. मग मी म्हटलं की कोशिंबीर मी करीन. यमुनाला हसू आलं, कारण तोवर मी घरात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. पण तिनं विळी आणि पाट माझ्या अंथरुणाशी आणून दिला.

ज्यांना उपयोग करायचा असेल त्यांनी हे वाचावं, बाकीच्यांनी पुढं जावं. चैत्र-वैशाखात कैरीला तोड नाही. कैरीचा कीस, भिजवलेली वाटली डाळ, ओलं खोबरं आणि वरून हिंगाची फोडणी. आंबटपणा इतका असतो की मिठाची आठवण उशिरा येते. फोडणी नेहमीपेक्षा जरा जास्त खमंग करावी, मोहरी पुरती तडतडू द्यावी, कारण मिठाचं अर्धं काम वासाला करावं लागतं. जिरं भाजूनच घालावं. दही आदल्या दिवशीचं, चांगलं आंबलेलं घ्यावं. ज्येष्ठात पातीचा कांदा आणि कोथिंबीर, त्यावर लिंबू. भाजी ताजी नसेल तर काही करू नये, त्या दिवशी उपाशी राहिलेलं बरं. शिळा मुळा मीठ घालून खपतो, मिठाशिवाय त्याची लबाडी लगेच उघडी पडते.

भाजीबाजारातले बागवान हसनभाई माझ्यासाठी पाटीच्या तळाशी कोवळ्यातलं कोवळं निराळं काढून ठेवत. त्यांनी आजाराबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही. यमुनाला नुसतं म्हणत, "ह्ये मास्तरांचं." एवढ्यानं मला दिवस बरा जाई.

ज्येष्ठाच्या शेवटी माझी सूज उतरली. वहाणा सैल झाल्या. शकूचे अंक आठावर आले. डॉक्टर म्हणाले की अशीच प्रकृती राहिली तर दिवाळीनंतर शाळेचं बघू. त्या रात्री यमुना किती तरी दिवसांनी केसांत फूल माळून बसली होती. मी मेलो तर या दोघींचं काय, हा एकच विचार तोवर डोक्यात असे. त्या आठवड्यात तो मी पहिल्यांदा विसरलो.

आक्का

लावणी आटोपून आक्का श्रावणात आमच्याकडे आली. डोक्यावरच्या पाटीत मांडवाच्या काकड्या, कुर्डूची भाजी आणि तिचं गाठोडं होतं. आल्याआल्या तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ती कुठंही गेली तरी हेच करते. यमुनाला बिचारीला सहा महिन्यांनी दुपारची झोप मिळाली, म्हणून तिनंही ते चालू दिलं. आमचं असं ठरलं की चिरायचं मी आणि कूट, लिंबू, फोडणी आक्कानं घालायची.

काकडी चोचवायला मला आक्कानंच शिकवलं. काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीनं वरून बारीक बारीक घाव घालायचे, आणि मग आडवी कापायची. ती आत फोडणी देई आणि लगेच वाटी हातात आणून देई. मी ती गरम फोडणीसकट तिथल्या तिथं संपवत असे.

आणि काय सांगू, मला चव यायला लागली. दोन-चार दिवसांतच. काकडीला काकडीची चव, दाण्याला दाण्याची. मी यमुनाला म्हटलं की जीभ शेवटी वळणावर आली, मिठाचं व्यसन सुटलं. अशा वेळी माणूस फार शहाणा होतो. मी तर आपल्यासारख्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहायचं ठरवलं होतं आणि शकूच्या जुन्या वहीत पहिली तीन पानं लिहिलीही होती. त्यांत मी असं ठासून लिहिलं आहे की पाच महिने निष्ठेनं मीठ सोडलं की जिभेला आपोआप चव कळू लागते. ती पानं मी फाडलेली नाहीत. माणूस किती चुकू शकतो याची ती खूण आहे.

कारण सूज पुन्हा चढत होती. श्रावणाच्या अखेरीस डोळे उघडेनात. डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी यमुनाला खोदून खोदून विचारलं, आणि ती शपथेवर सांगत राहिली की मिठाची बरणी फळीवरून खाली येते ती फक्त घरातल्या बाकीच्यांच्या आमटीपुरती.

वाटीच्या तळाशी

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. जेवायच्या वेळेलाच शाळेचे हेडमास्तर भेटायला आले. आक्कानं दिलेली कोशिंबिरीची वाटी मी खिडकीत ठेवली आणि त्यांच्याशी बोलत बसलो. माझ्या वर्गावर दुसरा माणूस नेमला आहे, हे त्यांना सांगायचं होतं. ते सांगायला त्यांनी पाऊणएक तास घेतला. गृहस्थ सज्जन, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्यांना फार त्रास झाला. ते गेल्यावर मी वाटी उचलली. काकडी एका बाजूला बसली होती, आणि तळाशी बोटभर पाणी जमलं होतं.

बिनमिठाच्या काकडीला असं पाणी सुटत नाही. चैत्रापासून मी रोज कोशिंबीर करत होतो, मला ते माहीत होतं. मीठ लागल्याशिवाय काकडी आपलं पाणी सोडत नाही. मी बोट बुडवून चाटलं.

मग मी यमुनाला हाक मारली आणि तिला जे बोललो ते इथं लिहीत नाही. मला मारायला निघालीस का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तिनं वाटी घेतली, चाटून पाहिलं, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. आक्का आतून पदराला हात पुसत आली.

"तिला कशापायी बोलतुयास, किसना? म्या घातलंया. पर मीठ न्हाई घातलं, शेंदेलोण घातलं, चिमटीभर. आलेपासनं घालतीया."

तिच्या गाठोड्यात श्रावणी सोमवारांसाठी शेंदेलोणाची, म्हणजे सैंधवाची, पुरचुंडी होती. जन्म गेला तिचा उपास करण्यात. सोमवार, एकादशी, संकष्टी, नवऱ्यामागे तिच्याजवळ दुसरं होतं काय. उपासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं, म्हणजे ते मीठ नव्हे, हा तिचा हिशेब. तिच्याच काय, आमच्या गावात घरोघरच्या बायांचा हाच हिशेब आहे. मी स्वतः लहानपणी एकादशीचे बटाटे तेच लावून खाल्लेले आहेत. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं तेव्हा शेंदेलोणही बंद, हे मला आणि यमुनाला सुचलं नाही, आणि आक्काला सुचायचं कारण नव्हतं.

"त्ये उपासाला चालतं," ती म्हणाली. "देवाला चालतं, मग तुला का न्हाई चालायचं?"

यमुना उठली आणि शकूला घेऊन मागच्या दारी गेली. त्यानंतर आठ दिवस ती आक्काशी बोलली नाही, आणि माझ्याशीही कामापुरतंच बोलली. मला तिची माफी मागायची होती. मागितली ती फार उशिरा, आणि तीही अर्धवट.

डॉक्टरांना मी एकटाच भेटलो आणि विचारलं की त्या चिमटीनंच हे झालं का. ते म्हणाले, झालं असेल, नसेलही. मूत्रपिंडं आधीच खलास होत आली होती. मग टाक खाली ठेवून म्हणाले की दिवाळीनंतरच्या शाळेचा विचार आता मनातून काढा. घरी येऊन मी आक्काला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, शेंदेलोणानं काही फरक पडलेला नाही.

"असं म्हनला डागदर?" ती म्हणाली. "मग माझ्याकडं बघून का सांगंनास?"

तिनं ती पुरचुंडी त्याच दिवशी तुळशीपलीकडच्या गटारात रिकामी केली. आता सोमवारी ती काहीच खात नाही.

आवडेल ते

परवा डॉक्टर घरी आले होते. मला आता तिथवर जाववत नाही. नडगीवर पडलेला खळगा किती वेळानं भरतो हे शकू मोजत नाही, तो खेळ यमुनानं बंद केला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, माझ्या पाटावरची विळी पाहून बरं आहे म्हणाले, आणि दाराशी यमुनाला हळूच काही सांगितलं. हळू बोलले तरी मला ऐकू आलं, कारण ते शब्द मी आधी एकदा ऐकले होते. यांना आता आवडेल ते खाऊ द्या. मीठसुद्धा चालेल.

यमुना बराच वेळ आत आली नाही. आली ती फळीपाशी गेली, पत्र्याचा डबा सरकवला, मिठाची बरणी खाली काढली आणि पदरानं पुसत राहिली. बरणी पुसून झाली तरी पुसतच होती. शकू मात्र नाचत माझ्याकडे आली. "बाबा, तुम्हाला मीठ चालतं आता! तुम्ही बरे झालात!" मी तिला व्हय म्हटलं. तिला जवळ घेतलं आणि मला फार भीती वाटली, इतकी की पहिल्या दिवशी नळीत पांढरं दिसलं तेव्हाही वाटली नव्हती.

पण जीभ ती जीभ. थोड्या वेळानं मला काकडी खावीशी वाटली, मीठ घातलेली, उघड उघड, चोरी नाही. मांडवाच्या अखेरच्या चार काकड्या आक्का मधे गावी जाऊन घेऊन आली होती. मी एक चोचवली. तुकडे लहानमोठे झाले. वाटी आत पाठवली आणि आक्काला सांगितलं की आज मीठ घाल. डॉक्टरांनीच सांगितलंय, ते तूही ऐकलंस.

आक्कानं फोडणी दिली. मोहरीचा वास बाहेरपर्यंत आला. तिनं वाटी आणून माझ्या हातात दिली. मी एक घास घेतला. दाण्याचा कूट, लिंबू, हिंग, सगळं जागच्या जागी होतं.

"आक्का, मीठ?"

"न्हाई घातलं."

मी म्हटलं की अगं, आता चालतं. ती माझ्यासमोर बसली. आयुष्यात मी तिला रडताना पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही ती रडली नाही. "ज्याला चालतं त्येला चालू दे," ती म्हणाली. "तुला बरं व्हायचंय. तुला मी मीठ घालायची न्हाई." यमुना दारात बरणी धरून उभी होती. तिनं ती परत फळीवर ठेवली.

मी वाटी खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे बघत बसलो. आक्काही हलली नाही. अर्ध्या तासानं वाटी तिरकी करून पाहिली. तळाशी पाणी नव्हतं. मग मी ती काकडी सगळी खाल्ली.